उत्तरेची खिडकी, आज्जीची चंद्रकळा आणि बारा फोटो

नमस्कार मंडळी. पुढच्या खुर्च्या रिकाम्याच आहेत, या ना पुढं, काकू तुम्ही पण या. विषय ठरलाय ‘रोलवरची फोटोग्राफी आणि फॅशन’, आणि मला पाऊण तास दिलाय. मी फोटोग्राफीच्या शेवटच्या वर्षाला आहे, घरी अजून वाटतं पोरगी लग्नाचे फोटो काढायला शिकती, आणि ते काम काही कमी नाही हां, साडीकडं नीट बघायला मी लग्नांमध्येच शिकले. पण गेल्या दीड वर्षात मला दोन नाद लागलेत, एक रोलचा, म्हणजे फिल्मवर फोटो काढायचा, आणि एक फॅशनचा. सगळे म्हणतात दोन्ही महाग आणि दोन्ही मुंबईचे. माझं म्हणणं, हे दोन नाद नाहीत, एकच आहे, आणि तो मला इथं सांगलीत, गावभागात लागलाय.

गावभागात एका काकांचा जुना स्टुडिओ आहे, वरच्या मजल्यावर. उत्तरेला मोठी खिडकी, तिला दुधी काच. उत्तरेला बहुतेक वर्ष ऊन थेट येत नाही, त्यामुळं उजेड दिवसभर मऊ राहतो. मागं रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि कारंजं. 2019 च्या पुरात खाली ठेवलेल्या निगेटिव्हच्या पेट्या भिजल्या, तेव्हा काकांनी काय केलं, तर त्या वाळू दिल्याच नाहीत, उलट स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवल्या आणि एकेक करून सोडवल्या. ओल्या निगेटिव्ह एकमेकींवर वाळल्या की जिलेटिन चिकटतं, मग ओढलं की चित्रच निघून येतं. हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

तर संक्रांतीला मी आज्जीला तिची नऊवारी चंद्रकळा नेसवून तिथं नेलं, सोबत आजोबा, पांढऱ्या धोतरात. कॅमेरा काकांचा याशिका, दोन भिंगांचा, 120 मापाचा रोल, बारा फोटो, संपलं. त्यात वरून बघायचं असतं, कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालून. आज्जी म्हणाली, “काय गं, फोटो काढतीयास का पाया पडतीयास?” आता बघा, काळीभोर साडी आणि पांढरंशुभ्र धोतर एकाच फोटोत. मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, त्याला दोन्ही राखाडीच करायचं असतं. साडीवर धरलं तर तो साडी उजळवणार आणि धोतर जळणार, म्हणजे नुसता पांढरा डाग, धोतरावर धरलं तर साडीचा नुसता काळा डाग. काका म्हणाले, साडी सोड, धोतर सोड, त्याच उजेडात आपल्या तळहातावर मीटर धर आणि एक स्टॉप उघड, म्हणजे उजेड दुप्पट घे. एवढं एक वाक्य, पण त्यावर माझं वर्ष सुधारलं.

रोल मी कुरिअरनं एका मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवला. नाव घेत नाही. वर पेननं लिहिलं होतं, ब्लॅक अँड व्हाइट. पंधरा दिवसांनी परत आला तो काचेसारखा कोरा. फोन केला तर म्हणाले, मॅडम, तुमचा कॅमेरा बिघडलाय, शटर उघडलंच नाही. मी रडले, खोटं कशाला सांगू. काकांनी पट्टी खिडकीला धरली आणि विचारलं, कडेचे आकडे कुठायत? कारण रोलच्या कडेला कंपनीचं नाव आणि नंबर कारखान्यातच उमटवलेले असतात, शटर उघडो न उघडो, रोल नीट धुतला की ते दिसणारच. ते पण गायब. म्हणजे रोल रंगीतच्या केमिकलमधून काढला होता. रंगीत रोलमध्ये चित्र शेवटी रंगाचं उरतं, चांदी काढून टाकतात. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चित्र म्हणजेच चांदी. ती काढली तर काय उरणार? माझ्या आज्जी-आजोबांचे बारा फोटो त्यांच्या मोरीतून वाहून गेले, आणि वर दोष कॅमेऱ्याला. आपल्यासारख्या गावातल्या पोरांना फोनवर असं सरळ गप्प करतात, याचा मला अजून राग आहे, आणि म्हणून सांगते, आपला रोल आपण धुवायला शिका.

मी शिकले. एप्रिल होता, टाकीचं पाणी कढत, आणि डेव्हलपर, म्हणजे रोलवर चित्र उमटवणारं केमिकल, लागतो 20 अंशाला. मोठ्या घमेल्यात बर्फ, त्यात डेव्हलपरची बाटली, थर्मामीटर धरून बसायचं. रोल अंधाऱ्या पिशवीत हात घालून चाचपडत रिळावर चढवायचा, मग रीळ बंद डब्यात, त्यात डेव्हलपर, साडेसात मिनिटं, दर मिनिटाला डबा उलटापालटा, मग चित्र पक्कं करायला हायपो. आज्जी परत नेसली बरं का, आणि या वेळी न सांगता खिडकीकडं तिरकी बसली, पदराचा काठ दोन बोटांनी खांद्यावरून पुढं ओढला, निऱ्या उजेडात सोडल्या. मी काही बोललेच नाही.

हो हो, चिठ्ठी मिळाली, पाच मिनिटं. अरे, फॅशन तर अजून राहिलीच! भरभर सांगते. आयर्व्हिंग पेन, व्होग या फॅशनच्या मासिकाचा फोटोग्राफर, 1948 साली फॅशनच्या कामाला पेरूला गेला आणि नाताळात कुस्को नावाच्या डोंगरातल्या गावी राहिला. तिथल्या फोटोग्राफरचा स्टुडिओ त्यानं भाड्यानं घेतला. दगडी फरशी, रंगवलेला पडदा, उत्तरेचा उजेड. गावातली माणसं आपापल्या कपड्यांत यायची, आणि तो पैसे घ्यायच्या ऐवजी त्यांनाच द्यायचा. आता मला सांगा, हे वर्णन कुठलं वाटतंय? मी ते वाचलं तेव्हा गावभागातला जिना डोळ्यासमोर आला.

 

मुद्दा असा, की फॅशनचा फोटो म्हणजे कापड अंगावर कसं पडतंय ते. चंद्रकळेचा काळा आणि तिच्या निऱ्यांमधला काळा हे दोन वेगळे काळे, आणि ते दिसतात बाजूच्या उजेडात, समोरून फ्लॅश मारला की दोन्ही एक होतात. आणि बाराच फोटो असले की बटण दाबायच्या आधी तुम्ही कापडाकडं बघता, हजार असले की नंतर स्क्रीनवर बघता, तोवर पदर सरकलेला असतो. रोल महाग आहे, मान्य, म्हणून महिन्याला एकच काढा. फोटो काढायला दंडोबाच्या डोंगरावर किंवा कृष्णेच्या घाटावर जायच्या आधी घरातल्या कपाटातलं ठेवणीतलं काय आहे ते विचारा.

वेळ संपली. दुसऱ्या वेळच्या बारा निगेटिव्ह आणल्यात, या खिडकीशी रांगेत या, आणि कडेनंच धरा हां, मधे बोट लावू नका. तिसऱ्या नंबरवर आज्जीची बोटं बघा.