‘पॅडी’ म्हणा, ‘पॅटी’ नको

मंडळी, नमस्कार.

सतरा मार्च, म्हणजे आयर्लंडच्या संत पॅट्रिकचा सण, जवळ आला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक चित्र हमखास फिरतं: चार पानांचं हिरवं रोपटं आणि खाली ‘हॅपी सेंट पॅटीज डे’. यात दोन चुका आहेत. आयरिश शेजारी हसून सोडून देईल, पण त्याच्या कानाला ते खटकतंच. पॅट्रिकचं आयरिश नाव पॉड्रिग, त्यातल्या ‘ड’वरून पॅडी. पॅटी म्हणजे पॅट्रिशिया, नाहीतर बर्गरमधली टिक्की. आणि शॅमरॉकला, म्हणजे या सणाच्या त्या हिरव्या रोपट्याला, पानं तीनच. ख्रिस्ती धर्मातले पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच, हे पॅट्रिकने त्या पानावरून समजावलं अशी आख्यायिका आहे. चार पानांचं क्लोव्हर नशिबाचं, त्याचा या सणाशी संबंध नाही.

शॅमरॉकची जुडी आदल्या दिवशी घ्या. मुळांना ओला कापूस गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली तर टिकते, उबदार खोलीत सकाळपर्यंत माना टाकते. कोटावर डाव्या बाजूला टाचायची. दिवस संपताना ती शेवटच्या पेल्यात बुडवायची जुनी रीत आहे, तिला ‘शॅमरॉक बुडवणं’ म्हणतात.

पेल्यावरून आठवलं. हा दारूचा सण, ही समजूत बाहेर फार आहे. १९०३ साली कायद्याने याची सुटी झाली, पण १९२०च्या दशकापासून १९६०पर्यंत दक्षिणेत, म्हणजे आजच्या आयर्लंड प्रजासत्ताकात, या दिवशी पब बंद असत. डब्लिनमध्ये प्यायला मिळे ती रॉयल डब्लिन सोसायटीच्या श्वानप्रदर्शनात, त्यामुळे त्या दिवशी श्वानप्रेमी अचानक वाढत! सण ईस्टरआधीच्या उपवासकाळात (लेंट) येतो आणि त्या एका दिवशी उपवासाला सूट, म्हणून चाळीस दिवस चॉकलेट सोडलेली मुलंही खूश. आजही या दिवशी दुकानांत दारूविक्री रविवारप्रमाणे दुपारी साडेबारानंतरच सुरू होते. सकाळी सामान भरून काउंटरवर गेलात तर बाटली परत ठेवावी लागेल.

हिरवी बिअर आणि कॉर्न्ड बीफ (खारवलेलं गोमांस) ही अमेरिकेची देणगी. इथल्या घरात बेकन आणि कोबी शिजतो, सोबत बटाटे आणि पार्सलीचा पांढरा सॉस. शाकाहारी घरांनी सोडा ब्रेड करावा. ४५० ग्रॅम साधा मैदा (यीस्टच्या ब्रेडसाठीचा ‘स्ट्राँग’ नको), सपाट एक चहाचा चमचा खायचा सोडा, तेवढंच मीठ आणि ३५० ते ४०० मिली बटरमिल्क. ओव्हन आधी २३० अंशांवर तापवा. बटरमिल्क एकदम ओतून बोटांनी गोलगोल फिरवत गोळा करा. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही, हीच आपल्याकडची नेहमीची चूक. सोडा आंबटाला लागताच वायू सुटायला लागतो. मळत बसलात, गोळा बाजूला ठेवलात, की वायू निघून जातो आणि दगड तयार होतो. वर खोल फुली मारा, म्हणजे मधला भागही शिजतो. १५ मिनिटं २३० अंशांवर, मग ३० मिनिटं २०० अंशांवर. तळाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला. आपलं पातळ ताक इथे चालत नाही, आंबटपणा पुरत नाही. घट्ट आंबट दही थोडं सैल करून घ्या. सोडा जास्त पडला तर ब्रेड पिवळट होतो आणि साबणासारखा लागतो.

डब्लिनची मिरवणूक पार्नेल स्क्वेअरवरून दुपारी बाराला निघते आणि ओकॉनेल स्ट्रीटवरून नदी ओलांडते. लहान मुलं असतील तर दहालाच जागा धरा आणि रेनकोट न्या. मार्चमध्ये ऊन, पाऊस आणि गारा एकाच तासात होतात. लुआस (इथली ट्राम) आणि बस शहराच्या मध्यभागी बंद किंवा वळवलेल्या असतात, तेव्हा उतरून चालायची तयारी हवी. टेम्पल बार हा पबांचा भाग मात्र मुलांना घेऊन टाळाच.

खरं सांगायचं तर लहान गावातली मिरवणूक जास्त गोड. ट्रॅक्टर, अग्निशमन दलाचा बंब, हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळाचा क्लब, शाळेची मुलं, अर्ध्या तासात खेळ आटोपतो. लेझीम न्यायचं असेल तर तिथेच न्या. आयोजकांकडे नाव आधी नोंदवावं लागतं. पाहुण्यांच्या व्यासपीठासमोर रिंगण धरू नका: मागचे सगळे तुंबतात आणि पुढे मोठी पोकळी पडते. चालता चालता होतील असेच हात बसवा. ढोलाला चामड्याचं पान नको, पावसात सैल पडून आवाज बसतो, फायबरचं लावा.

आणि रस्त्यात कुणी भेटलं तर म्हणा, ‘लॉ एल्या पॉड्रिग सना दिच’. समोर अनेकजण असतील तर ‘दिच’ऐवजी ‘दीव’. लिहिताना त्यात ‘फ’ दिसेल, तो उच्चारायचा नाही.