'आमचं ठरलंय' म्हणायच्या आधी

श्रोतेहो, नमस्कार. आणि ऐकणाऱ्यांत आमच्या मंडळीतलं कुणी असेल, तर सलाम.

निवडणूक लागली की कोल्हापूर लवकर झोपत नाही. गंगावेशीत दूध प्यायला गेलेला माणूस घरी परततो तो कोण येणार, कोण पडणार, याचा हिशेब घेऊनच. तालमीत तेच, कट्ट्यावर तेच, आणि खोटं कशाला बोलू, रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारातही तेच. २०१९च्या लोकसभेला याच गावातून 'आमचं ठरलंय' हे दोन शब्द महाराष्ट्रभर गेले. तेव्हा कुणाचं काय ठरलं होतं, त्यात मी शिरत नाही. पण हे दोन शब्द मला फार खरे वाटतात. माणसाचं आधी ठरतं आणि कारणं तो मागाहून शोधतो. आम्ही ख्रिस्ती माणसं त्यावर आणखी एक करतो, बायबलातलं वचनही मागाहून शोधतो. आज बोलायचं ते याच्यावरच: पक्ष आधी की विश्वास आधी.

आमच्याकडे दोन वचनं यासाठी अगदी हाताशी असतात. एक, येशूचा प्रेषित पौल याचं रोमकरांस पत्र, अध्याय तेरावा: अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. दुसरं, प्रेषितांची कृत्ये, पाचवा अध्याय: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. आपल्या आवडीचा पक्ष सत्तेत असला की रोमकर तेरा निघतं. तो पडला की त्याच माणसाच्या तोंडी कृत्ये पाच येतं. मी दोन्ही वापरलेली आहेत. पौलानं ते पत्र लिहिलं तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता, हे मात्र आमच्यापैकी कुणी मध्ये सांगत नाही. म्हणजे त्याला राजा आवडला म्हणून त्यानं ते लिहिलं, असं म्हणायला जागा नाही.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. मी निवृत्त शिक्षक, मुलांना 'खात्री करून लिहा' असं तीस वर्षं बजावलेला माणूस. मागे एका निवडणुकीत एक व्हिडिओ माझ्या फोनवर आला. मला न पटणाऱ्या एका उमेदवाराचे कार्यकर्ते कुणा म्हाताऱ्या बाईला ढकलतायत, असं त्यात दिसत होतं. बघितला आणि खरं सांगतो, आधी वाईट नाही वाटलं, बरं वाटलं. 'बघा, मी म्हणत नव्हतो?' असं बरं. तो मी घरच्या ग्रुपवर टाकला, शाळेतल्या जुन्या सोबत्यांच्या ग्रुपवर टाकला, आणि चर्चच्या गायनमंडळाच्या ग्रुपवरसुद्धा टाकला. तिथं प्रार्थनेच्या विनंत्या येतात, त्यांच्यामध्ये हे.

रात्री पुतण्याचा फोन आला. "काका, तो व्हिडिओ जुना हाय. आणि आपल्याकडचा न्हाईच. मागं पाट्या बघा की, कानडीत हैत."

पाट्या खरंच कानडीत होत्या. माझ्या आजोळी, बेळगावकडं, मी लहानपणापासून कानडी पाट्या बघत आलोय. तरी त्या मला दिसल्या नाहीत, कारण माझं ठरलं होतं.

दहा आज्ञांमधली नववी मी मुलांना संडे स्कूलमध्ये पाठ करून घेतलेली आहे: आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. कोर्टात शपथ घेऊन केलेली लबाडी, एवढाच तिचा अर्थ मी धरून बसलो होतो. एका अंगठ्यानं, खुर्चीत बसल्या बसल्या, तीन ठिकाणी खोटी साक्ष देता येते हे त्या रात्री कळलं. व्हिडिओ काढून टाकायला गेलो तर कुणीतरी तो पुढं धाडलेलाही होता. मग लिहिलं: 'मी पाठवलेला व्हिडिओ खोटा आहे. न बघता पाठवला. माफ करा.' एवढी तीन वाक्यं लिहायला मला पाऊण तास लागला. आमच्या गायनमंडळात पेटी वाजवणारे एक गृहस्थ त्याच उमेदवाराच्या प्रचारात होते. पुढच्या रविवारी ते समोर आले, तेव्हा मीच आधी खाली बघितलं. ते एवढंच म्हणाले, "अण्णा, दुसरं गाणं काळी दोनमध्ये घेऊया का? तुमचा आवाज वर जात न्हाई आता."

येशूच्या बारा शिष्यांची नावं सगळ्यांना सांगता येतात, पण त्यातली दोन शेजारी ठेवून बघत नाही कुणी. एक मत्तय, जकातदार. रोमी सत्तेखालच्या राजवटीसाठी आपल्याच लोकांकडून पैसा वसूल करणारा. दुसरा शिमोन, ज्याला शुभवर्तमान लिहिणारा लूक 'जिलोत' म्हणतो. जिलोत म्हणजे परक्या सत्तेचं नाव काढलं तरी पेटून उठणारे. हे दोघे एका पंगतीला बसले, एका ताटातलं जेवले. त्यांची आपसात काय बोलणी झाली असतील, ती शुभवर्तमानात नाहीत. मला नेहमी वाटतं, असती तर निवडणुकीच्या दिवसांत फार कामाला आली असती. मत्तयाला येशूनं जकातीच्या चौकीवरून उठवलं, हे खरं. पण शिमोनालाही 'मत्तय माझ्याआधी कसा?' असं विचारायची सोय त्यानं ठेवली नाही.

बरं, विश्वास आधी, याचा अर्थ चर्च सांगेल त्याला मत, असा कुणी घेऊ नये. प्रार्थनास्थळ प्रचाराला वापरायचं नाही, हे आचारसंहितेत स्पष्ट आहे. धर्माच्या नावानं मत मागणं हे लोकप्रतिनिधित्व कायद्यानं भ्रष्ट आचरण ठरतं, आणि २०१७च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं चार विरुद्ध तीन अशा बहुमतानं त्याचा अर्थ आणखी रुंद केला. तरी नाताळात केक घेऊन येणारे येतातच. महाराष्ट्रात आम्ही किती? २०११च्या जनगणनेत शंभरात एकही भरत नाही. पण एखाद्या प्रभागात दोनशे मतं गठ्ठ्यानं मिळतात असं कुणाच्या डोक्यात बसलं, की केकची साइज वाढते. केक खावा. गठ्ठा होऊ नये. १८५२ साली रॉयल वाइल्डर नावाचा अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आला, तेव्हापासून इथं आमच्या मंडळीचं घर आहे. पावणेदोनशे वर्षं होत आली, आता तरी पाहुण्यासारखं 'आम्हाला काय देता' विचारणं शोभत नाही.

यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलात नेलेल्या बंदिवानांना पत्र लिहिलं, त्यात सांगितलं की ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्या नगराचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. बंदिवानांना, परक्या नगरासाठी. मग हे तर आमचंच नगर. शाहू महाराजांनी या गावात जातीजातीच्या मुलांसाठी वसतिगृहं काढायला लावली, त्यांत ख्रिस्ती मुलांचंही होतं. त्यामुळं उमेदवार दारात आला की आमच्या कब्रस्तानाची भिंत विचारायला हरकत नाही, पण आधी पंचगंगा विचारावी. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांवर गेलं की धोक्याची पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते त्याच्या कितीतरी वर गेलं, २०२१ला पुन्हा. पूररेषेत बांधकामं कुणी होऊ दिली, नाले कुणी बुजवले, हे प्रश्न त्या उमेदवाराला तोंडावर विचारायचे. माझ्या रागापेक्षा त्यांना वजन जास्त आहे.

पाकिटाबद्दल एकच सांगतो. 'लक्ष्मीदर्शन' असं गोड नाव देऊन आपण त्याची लाज काढून टाकली. बायबलातल्या निर्गम पुस्तकात लिहिलंय की लाच डोळसालाही आंधळं करते. 'पैसे त्यांचे घ्यायचे, मत आपलं द्यायचं' हे मी चांगल्या घरांतून ऐकलंय, प्रार्थना म्हणणाऱ्या घरांतूनसुद्धा. घेतलं की घेतलंच.

त्या व्हिडिओनंतर मी एक सवय लावून घेतली. पौल आपल्या सोबत्याला, तीमथ्याला लिहितो की सर्व माणसांसाठी आणि अधिकारावर असणाऱ्यांसाठी प्रार्थना करावी. म्हणून उमेदवारांची यादी लागली की ती मी वहीच्या कागदावर उतरवून घेतो आणि पवित्र शास्त्रात ठेवतो. रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं प्रार्थनेला बसतो, तेव्हा ती सगळी नावं घ्यायची. निवडून यावेत म्हणून नाही. त्यांच्या हातून या गावाचं बरं व्हावं आणि त्यांचंही बरं व्हावं म्हणून. मिसेस पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आणि हा? ह्याचंही?" मी म्हटलं, यादीत आहे ना.

मत मी ज्याला द्यायचं त्यालाच देतो. कुणाला, ते मिसेसनाही सांगत नाही. मतदान यंत्राशेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेमागं मत कुणाला गेलं ती चिठ्ठी सात सेकंद दिसते, तेवढी मी बघतो आणि बाहेर येतो.

यंदाचीही यादी कागदावर आहे. चार नावं आता सरळ निघतात. पाचव्याशी अजून थांबावं लागतं. मिसेस डोळे मिटूनच खोकतात, मग मी ते घेतो.