चेहरा कोणाचा?

(दृश्य: ठाणे, घोडबंदर रोड, मानपाडा. मेट्रोचे खांब, संध्याकाळची कोंडी. एका सोसायटीचं गेट.)

मानपाड्याच्या या सोसायटीत चार विंग आहेत आणि व्हॉट्सॲप ग्रुप एक. टँकर आला का, बी विंगची लिफ्ट परत बंद, कुणाची तरी स्कूटर रॅम्पवर आडवी. एका रात्री त्यातच एक व्हिडिओ येऊन पडला. कुठल्या तरी युद्धातला. ढासळलेली गल्ली, भिंतीला टेकवून बसवलेली बायका-माणसं. पुढचं आम्ही सांगत नाही. गाव कुठलं, साल कोणतं, मारणारे कोण, काही नाही. खाली एवढंच: 'शेअर करा, जगाला कळू द्या.'

आधी जोडलेले हात आले, रडके इमोजी आले. मग तिसऱ्या मजल्यावरच्या एका आईने लिहिलं की ग्रुपवर मुलंही आहेत, जरा विचार करा. त्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका उसळले. मुलांनाही कळू दे, आपण डोळे मिटले म्हणून तिकडे बॉम्ब पडायचे थांबत नाहीत. ॲडमिनने व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो निम्म्या सोसायटीच्या फोनमध्ये उतरला होता.

काकांना विकृत म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. पण त्यांच्या बोलण्यात दम आहे.

(दृश्य: धुळे जिल्ह्याचा नकाशा, साक्री तालुका.)

तरी आधी काकांच्या विरुद्धची बाजू. ती शोधायला फार लांब जावं लागत नाही.

२१ ऑगस्ट २०१३ ला सीरियात, दमास्कसजवळच्या घौटा भागात सरीन वायूचा मारा झाला. शेकडो माणसं गेली, त्यात लहान मुलं पुष्कळ. ओळीने ठेवलेल्या त्या मुलांचं चित्रण तिथल्याच लोकांनी केलं. जगाने बघावं, काहीतरी करावं म्हणून. हेतूला नाव ठेवायला जागा नाही. पाच वर्षांनी, २०१८ मध्ये, तेच फोटो आपल्या उत्तर महाराष्ट्रात मोबाइलवर फिरत होते. वर एक आवाज चढवलेला: मुलं पळवून मारणारी टोळी आली आहे, सावध राहा.

१ जुलै २०१८. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आले होते. 'मुलं पळवणारे' म्हणून त्यांना गाठलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. त्याच दिवशी मालेगावातही पाच जण जमावाच्या तावडीत सापडले होते, पोलिसांनी त्यांना जिवंत सोडवलं. राईनपाड्यातल्या कोणत्या हाताने कोणता व्हिडिओ पाहिला होता, याचा हिशोब लागायचा नाही. पण त्या दिवसांत डोकी भडकवायला जे काही वापरलं गेलं, त्यात घौटाची मुलंही होती.

फोटो खरे होते. मेलेली मुलं खरी होती. बदलला होता तो मारेकरी.

(दृश्य: तलावपाळी. फोनने फोटो काढणारा हात. पडद्यावर फाइलचा तपशील.)

हे इतकं सहज कसं होतं, ते इथेच बघा. हा फोटो आत्ता मासुंदा तलावावर काढला. फाइल उघडली तर आत तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असल्याने अक्षांश-रेखांशसुद्धा आहेत. आता हाच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवू. पलीकडच्या फोनवर उघडा. तलाव आहे, नावा आहेत. काढल्याची वेळ गेली, जागा गेली, फाइलही आकसली. डॉक्युमेंट म्हणून पाठवला असता तर हे टिकलं असतं, पण सोसायटीच्या ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून फक्त मेंटेनन्सचं बिल येतं.

म्हणजे 'जगाला कळू द्या' म्हणत आपण जे पुढे ढकलतो, त्यातून कळण्यासारखं जे असतं तेच पहिल्या ढकलण्यात गळून पडतं. उरतं ते फक्त मेलेलं माणूस. त्याच्यावर मग कुणीही कुठलंही लेबल चिकटवावं.

(दृश्य: काळा पडदा. पांढऱ्या अक्षरांत: माय लाय, १६ मार्च १९६८.)

फोटोंनी काम केल्याची उदाहरणंही आहेत, आणि ती भक्कम आहेत. व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकन सैनिकांनी काही तासांत शेकडो निःशस्त्र गावकरी मारले. सैन्याचा फोटोग्राफर रॉन हेबर्ली तिथे होता. त्याच्याकडे दोन प्रकारचे कॅमेरे होते: एक सरकारी, कृष्णधवल, आणि एक स्वतःचा, रंगीत. सरकारी फोटो जमा झाले आणि त्यात कत्तल कुठेच नव्हती. रंगीत रोल त्याने स्वतःकडे ठेवले. २० नोव्हेंबर १९६९ ला क्लीव्हलँडच्या वर्तमानपत्रात ते फोटो आले आणि 'असं काही घडलंच नाही' म्हणण्याची सोय संपली.

आमच्या संकलकाचं म्हणणं होतं की निदान हा एक फोटो तरी दाखवूया, तो इतिहास आहे. मी नको म्हटलं. त्याचं कारण हळवेपणा नव्हे. फोटोत मेलेल्या बायका आणि मुलं आहेत, गोळ्या घालणारे त्यात नाहीत. २००९ मध्ये हेबर्लीने स्वतःच सांगितलं की प्रत्यक्ष मारताना सैनिक दिसत होते असे फोटो त्याने नष्ट केले होते. शेवटी शिक्षा झाली ती एकट्याला, लेफ्टनंट कॅलीला. जन्मठेप म्हणून सुनावलेली, आणि प्रत्यक्षात बहुतेक नजरकैदेत काढलेली साडेतीन वर्षं. सगळं त्या नष्ट केलेल्या फोटोंमुळे झालं, असा माझा दावा नाही. पण तो ढिगारा साऱ्या जगाने पाहिला आणि मारणाऱ्यांचे चेहरे कुणीच पाहिले नाहीत, हा योगायोग मला नुसता योगायोग वाटत नाही.

काँगोचं बघा. रबराच्या सक्तीसाठी तिथे माणसांचे हात तोडले जात. ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईने १९०४ च्या सुमारास काढलेले फोटो इंग्लंडभर सभांमध्ये काचेच्या स्लाइडवरून दाखवले गेले. कल्याणचे पटवर्धन १८९२ पासून शांबरिक खरोलिका दाखवत होते ना, साधारण तशाच दिव्याच्या यंत्राने. पण दिव्याशेजारी बोलणारं माणूस उभं असायचं. कंपनीचं नाव, राजाचं नाव, तो पैसा कुठे जातो, हे सगळं तो सांगायचा. १९०८ मध्ये बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाला आपली ती खासगी वसाहत सोडावी लागली.

आणि आपल्याकडे १९४३. बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरत होती आणि युद्धकाळातलं सरकार दुष्काळ हा शब्द उच्चारायला तयार नव्हतं. मजकुरावर बंधनं होती, फोटोंचं मात्र नियमात राहून गेलं होतं. २२ ऑगस्टला 'स्टेट्समन'चे संपादक इयान स्टीफन्स यांनी कलकत्त्यातल्या उपाशी माणसांचे फोटो पानभर छापले. ब्रिटिशांच्याच पेपरात आल्यावर दिल्लीला आणि लंडनला कानावर हात ठेवणं अवघड झालं. जीव वाचले, पण त्याआधी लाखो गेले होते.

(दृश्य: ठाणे स्टेशन, संध्याकाळ. गर्दीतले फोनचे पडदे, धूसर.)

आता काकांचा खरा हुकमाचा पत्ता. मी त्यांच्याशी बोललो तेव्हा त्यांनी एकच शब्द टाकला: मणिपूर.

तिथे युद्ध जाहीर झालेलं नव्हतं, पण गावं जळत होती. ४ मे २०२३ ला जमावाने दोन स्त्रियांची नग्न धिंड काढली. १८ मे रोजी पोलिसांत तक्रार नोंदली गेली. त्यानंतर दोन महिने कुणालाही अटक नाही. १९ जुलैला व्हिडिओ बाहेर आला. २० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, पंतप्रधान संसदेबाहेर बोलले आणि पहिली अटक झाली. म्हणजे कागद होता, सही-शिक्का होता, यंत्रणेला ठाऊक होतं. ती हलली ती सगळ्यांनी पाहिल्यावर.

यावर माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. 'असे व्हिडिओ पसरवू नका' हे वाक्य सत्तेत बसलेल्यालाही फार सोयीचं असतं, हे काकांचं म्हणणं मला मान्य आहे.

पण त्यांना मी एक विचारलं. तुमच्याकडे आलेल्या व्हिडिओत त्या बायकांचे चेहरे झाकलेले होते का? काही क्लिपमध्ये होते, काहींत नव्हते, ते म्हणाले. अटक करायला उपयोगी पडले ते पुरुषांचे चेहरे. ते चित्रणात होते, कारण चित्रण जमावातल्याच कुणीतरी केलं होतं, मिरवायला. बायकांचे चेहरे पोलिसांना नवे नव्हते, तक्रारीत त्यांची ओळख होतीच. मग ते देशभर गेल्याने खटल्यात काय भर पडली? भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आधीच्या दंड संहितेतही होता. आणि युद्धातल्या नागरिकांसाठी १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम २७ आहे. त्यात मारझोड आणि धमक्यांच्या शेजारीच लोकांच्या कुतूहलापासून संरक्षण हेही लिहिलेलं आहे. ते लिहिणाऱ्यांनी स्मार्टफोन पाहिला नव्हता.

काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ठीक आहे, पण चेहरे झाकायचं ॲप आम्हाला कुणी शिकवलंय? मुद्दा रास्त होता. आम्ही तिथेच बसून त्यांना शिकवलं.

(दृश्य: ठाणे-वाशी लोकलच्या खिडकीतून. ऐरोली, रबाळे, घणसोली.)

ठाण्याहून वाशीकडे जाताना ऐरोलीनंतर रुळांपासून थोड्या अंतरावर खिडक्याच नसलेल्या इमारती दिसतात. डेटा सेंटर. वर कूलिंगचे संच, मागे जनरेटरची रांग. आपण 'ढगात' ठेवलेले फोटो असल्याच कुठल्यातरी इमारतीत, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी असतात. पुसले जातात तेही तिथूनच. २०१७ मध्ये यूट्यूबने हिंसक मजकूर ओळखायला नवी स्वयंचलित यंत्रणा लावली आणि सीरियातल्या लोकांनी जिवावर उदार होऊन चढवलेले हजारो व्हिडिओ तिने प्रचारकी समजून उडवले. काही परत आले, सगळे नाही. असे पुरावे उतरवून, तपासून जपण्याचं काम 'सीरियन अर्काइव्ह'सारख्या संस्था बर्लिनमध्ये बसून करतात. यंत्राला जे ओळखता येत नाही ते माणसांनी दिवसभर बघायचं असतं. त्यातून होणाऱ्या मानसिक आजारांबद्दल फेसबुकने २०२० मध्ये अमेरिकेतल्या मॉडरेटरना ५.२ कोटी डॉलर देण्याची तडजोड केली.

पसरवण्यापेक्षा जपण्याचं मोल केवढं, हे 'सीझर'ने दाखवलं. हे टोपणनाव. माणूस सीरियाच्या लष्करी पोलिसांतला फोटोग्राफर. कोठडीत मेलेल्यांचे फोटो काढायचे, हीच नोकरी. प्रत्येक मृतदेहासोबत आकडे लिहिलेले: कैद्याचा क्रमांक, ज्या गुप्तचर शाखेने धरून ठेवलं तिचा क्रमांक, आणि डॉक्टरने मृत्यूची नोंद केली तो क्रमांक. राजवटीने आपल्याच हाताने ठेवलेली ही वही. सीझरने दोन वर्षं पेन ड्राइव्हवर प्रती चोरल्या आणि २०१३ मध्ये तो देशाबाहेर पडला. सुमारे ५३,००० फोटो.

त्या तीन क्रमांकांतला मधला आकडा बघा, गुप्तचर शाखेचा. त्या आकड्यामुळे मेलेल्या माणसाच्या फोटोत मारणारा हजर राहतो. जर्मनीत कोब्लेन्झच्या न्यायालयात हे फोटो पडद्यावर लागले, न्यायवैद्यकाच्या तज्ज्ञाने जखमा एकेक करून समजावल्या, आणि १३ जानेवारी २०२२ ला सीरियाच्या गुप्तचर खात्यातल्या माजी कर्नलला जन्मठेप झाली. लिबियातल्या महमूद अल-वेरफल्ली या कमांडरविरुद्ध २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने वॉरंट काढलं, तेही समाजमाध्यमांवरच्या व्हिडिओंच्या आधारे. त्यात तो स्वतः दिसतो. तो कोर्टात कधी आलाच नाही, २०२१ मध्ये मारला गेला.

तेव्हा माझं मत असं. मारणारा दिसत असेल, जागा ओळखू येत असेल, तर मूळ फाइल पुसू नका, कापू नका, वर संगीत घालू नका. डॉक्युमेंट म्हणून पत्रकाराला, वकिलाला, अशा पुराव्यांवर काम करणाऱ्या संस्थेला द्या. कुणीच दाद देत नसेल तर निमूट सोसू नका, बोंब ठोका, पण बळी पडलेल्याचा चेहरा झाकून आणि गाव-तारीख लिहून. नुसतंच मेलेलं माणूस असेल आणि कुठलं ते ठाऊक नसेल, तर मानपाड्याच्या ग्रुपवर त्याने कुणाचंच भलं होत नाही.

मात्र हा नियम मी सांगितला तेव्हा आमच्या संकलकाने मला सीझरच्याच फोटोंवर अडवलं. २०१५ मध्ये सीरियन लोकांच्या एका संघटनेने त्यातले चेहरे संकेतस्थळावर ठेवले. न झाकता. वर्षानुवर्षं बेपत्ता असलेला मुलगा, भाऊ, नवरा त्यात आहे का, हे घरच्यांना बघता यावं म्हणून. लोकांनी हजारो चेहरे एकेक करून पाहिले. काहींना आपलं माणूस सापडलं, आणि दारोदार चौकशी करणं थांबलं. त्यांना झाकलेला चेहरा काय कामाचा होता?

त्याचं बरोबर आहे. फरक मला एवढाच दिसतो की ते फोटो त्यांच्यावर येऊन आदळले नव्हते. काय बघायचंय हे ठाऊक असून, एकमेकांना धरून बसून, त्यांनी ते स्वतः उघडले होते.