अक्कलदाढेचं वय

(दृश्य : हर्णै बंदर, मे अखेरची सकाळ. ओहोटी. पाण्यात शिरलेली बैलगाडी. दोराला लागलेली माणसं.)

मे संपत आला की हर्णैच्या किनाऱ्यावर कुणाला बोलायला सवड नसते. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. त्याआधी जाळी उतरवायची, इंजिनं बघायची, होड्या वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या. दोराला हात कमी पडतात. मग वाडीतल्या पोरांना हाका जातात.

त्यातला हा एक. सतरा संपून अठरावं लागलंय. गेल्या मे महिन्यात दोराच्या शेपटाला होता, यंदा बापाच्या पुढे उभा आहे. डावा गाल सुजलाय. अक्कलदाढ येतेय. आजीने लवंग धरायला दिली होती, ती त्याने कधीच थुंकून टाकली. घरी जाऊन स्टीलच्या चेपलेल्या पेल्यात चहा घेईल, पण त्याच बाजूने चावता येणार नाही म्हणून बटर नको म्हणेल.

अक्कलदाढ साधारण १७ ते २१ या वयात येते. दाढेचा आणि अकलेचा तसा काही संबंध नाही. पण ज्याने हे नाव ठेवलं त्याने वय बरोबर हेरलं. जागा अपुरी, ठणका भरपूर, आणि घरातल्या प्रत्येकाकडे एकेक उपाय.

(दृश्य : ग्रामपंचायतीची भिंत. मतदार नोंदणीचं जुनं पत्रक. शेजारी उभी मोपेड.)

माणूस मोठा कधी होतो? कायद्याला विचारा, तो चार उत्तरं देतो. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवा. अठराव्या वर्षी मत द्या. १९८९ पर्यंत त्यालाही एकवीस लागायची, ६१व्या घटनादुरुस्तीने ती अठरावर आणली. लग्नाला मुलगी अठराची, मुलगा एकविसाचा. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे सगळंच वय किशोर म्हणून मोजते.

आणि गाव? गावाचं माप वेगळं. शिमग्यात पालखी खांद्यावर घ्यायला बोलावलं, की झालास मोठा.

(दृश्य : शिमग्यातलं जुनं चित्रीकरण. पालखी नाचवणारे खांदे.)

पालखीला जोर तर लागतोच, पण त्याहून उंची जुळावी लागते. एक खांदा वर गेला की भार दुसऱ्यावर येतो. या मुलाने पंधरा ते सतरामध्ये इतकी उंची काढली, की समवयस्कांबरोबरची जोडी मोडली आणि त्याला काकांच्या रांगेत टाकलं. काका खूश. त्याला स्वतःला मात्र आपले हात आपलेच वाटत नव्हते. दारातून जाताना कपाळ आपटायचं, हातातून बशा पडायच्या.

आता ती वाढ थांबत आलीय. लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या मुलींमध्ये साधारण चौदा ते सोळाच्या दरम्यान भरून येतात, मुलग्यांमध्ये सोळा ते अठराच्या आसपास, कधी त्याहून थोड्या उशिरा. आवाज बसतो, दाढी दाट होते, छाती-खांदे रुंदावतात. उंची थांबली म्हणजे हाडाचं काम संपलं असं मात्र नाही. हाड भरायचं काम चालूच असतं. आयुष्यभर पुरवायच्या हाडांच्या साठ्यापैकी जवळपास ९० टक्के साठा मुलींमध्ये अठरापर्यंत आणि मुलग्यांमध्ये विसापर्यंत जमा होतो. पुढे बहुतेक खर्चच.

आणि इथे कोकणातल्या जुन्या ताटाला दाद द्यावी लागते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, तेवढं दुसऱ्या कुठल्या धान्यात नाही. कुरकुरीत तळलेली मांदेली काट्यासकट खाल्ली जाते. पण ज्या घरात हे रोज शिजायचं, तिथली पोरं आता स्टॅंडवरच्या वडापाववर दिवस काढतात. भाकरी म्हणजे म्हाताऱ्यांचं खाणं, असं आम्हाला एकाने तोंड वाकडं करून सांगितलं. सांगताना हातात चिप्सचा पुडा होता.

(दृश्य : मालवण, दांडी किनारा. पहाट. रापणीचं जाळं ओढणारी दोन्ही बाजूंची माणसं. कडेला टोपली घेतलेली मुलगी.)

इथून खाली मालवणात. हिचंही अठरावं चालू आहे. उंची वाढायची केव्हाच थांबली. शरीराच्या दृष्टीने ती मोठी होऊन दोन-तीन वर्षं झाली, आणि त्या दिवसापासून घराचं घड्याळ बदललं. दिवेलागणीच्या आत घरात. सगळ्यांच्या पुढ्यातलं वाढून झालं की मग ती बसते. तोवर कालवणातले तुकडे संपलेले असतात, रस्सा उरतो.

हा रस्सा आकड्यांत दिसतो. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. मुलग्यांमध्ये तो ३१ टक्के होता. दर महिन्याची पाळी, त्यात लोहाची तूट. जिना चढताना लागणारी धाप, वर्गात मिटणारे डोळे, आणि आईचं म्हणणं, आळशी झालीय. शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळते, त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक आम्ल असतं. उपाशीपोटी घेतली तर मळमळतं. म्हणून अनेक जणी ती दप्तरात टाकतात, आणि दप्तरातून ती कुठे जाते हे विचारण्यात अर्थ नाही.

तिला मत्स्यशास्त्र शिकायचंय. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, सीईटी दिलीय. का, असं विचारल्यावर तिने टोपली खाली ठेवली.

“होडयेर माका कोण घेणा नाय. मगे माशांचा शिक्षण तरी घेतंय.”

(दृश्य : संध्याकाळ. हर्णैची जेटी. पाण्यात उड्या मारणारी मुलं.)

पुन्हा हर्णै. सहा पोरं. भरती चढतेय. एकटा असता तर आपला मुलगा पायऱ्यांनीच उतरला असता. पाचजण बघतायत म्हटल्यावर तो वरून उडी घेतो, तीही उलटी.

याचा प्रयोगही झालेला आहे. २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी तीन वयोगटांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ खेळ खेळायला दिला. १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढचे. मित्र शेजारी बसले की पहिले दोन गट जास्त धोका पत्करू लागले. चोविशीपुढच्यांच्या खेळात असा फारसा फरक पडला नाही.

कारण मेंदू एकदम सगळा पिकत नाही. भावना, उत्साह, बक्षिसाची ओढ सांभाळणारे आतले भाग आधी जोरात येतात. लगाम खेचणारा, पुढचा विचार करणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. नको त्या जोडण्या छाटल्या जातात, हव्या त्या पक्क्या होतात. हापूसच्या कलमाची छाटणी बघितलेल्याला हे वेगळं समजावायला नको. फांद्या कमी झाल्या म्हणून झाड लहान होत नाही.

हीच पोरं शांत बसली की बापालाही न सुचलेला मुद्दा काढतात. डिझेल, खलाशांची मजुरी, मालाचा दर, सगळं मांडून या मुलाने आम्हाला होडी तोट्यात का जाते ते सांगितलं. जर-तरचा, न दिसणाऱ्या गोष्टींचा विचार त्याला पुरता जमतो. अडतं ते ऐन क्षणी. विचार करता येणं आणि उडीच्या आधी विचार आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आम्ही कॅमेरा खाली ठेवला. तो चालू असल्यावर उड्या वाढत होत्या.

(दृश्य : पहाट, साडेपाच. अंधारात उभी एसटी. खिडकीला डोकं टेकून झोपलेली मुलं.)

झोपेबद्दल एवढंच. मेलाटोनिन हे झोप आणणारं संप्रेरक या वयात रात्री उशिरा वाढू लागतं, झोपेची वेळ तास-दोन तास पुढे सरकते. गरज मात्र आठ ते दहा तासांची. दोष सगळा मोबाइलला द्यायची पद्धत आहे. त्याचा वाटा आहेच, पण सगळा नाही. आणि पहिली एसटी कुणाच्या संप्रेरकांसाठी थांबत नाही.

(दृश्य : बंद घरं. अंगणात वाढलेलं रान. एका दाराला कुलूप, त्यावर गंज.)

२०२५ च्या बारावीच्या निकालात कोकण विभाग ९६.७४ टक्क्यांनी राज्यात पहिला आला. पहिला येणं ही कोकणाची सवयच झालीय. पास होणाऱ्यांची इथे वाण नाही. निकालानंतर ती जातात कुठे?

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६ लाख ९६ हजार होती, २०११ मध्ये १६ लाख १५ हजार. वाढली नाही, घटली. सिंधुदुर्गही घटला. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. मुलींच्या कौतुकाचा आकडा म्हणून तो वाचू नका. हे पुरुष मुंबईला आहेत.

म्हणजे इथे मोठं होणं हे निघून जाण्याला जोडलेलं आहे. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी या वयाचा मुख्य पेच सांगितला तो ‘मी कोण?’ हा. कोकणात तो विचारला जातो ‘मी कुठे?’ असा. मुंबईच्या काकाने कंपनीत शब्द टाकलेला असतो. खोलीत गादीपुरती जागा असते. आईने पिशवीत कोकम, सुकट, कुळथाचं पीठ भरलेलं असतं. मुलाचं मत विचारायचं राहून जातं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते सोयीचं असतं.

जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये कॉलेजातल्या ८६ तरुणांच्या मुलाखती घेऊन यालाच एक कप्पा दिला. शोध न घेताच दुसऱ्याने ठरवलेली ओळख स्वीकारणं. दुसरा कप्पा, शोध चालू आहे, निर्णय व्हायचाय. तिसरा, शोध घेऊन ठरवलं. चौथा, शोधही नाही, निर्णयही नाही. आपला मुलगा पहिल्या कप्प्यात बसतो. मालवणची ती मुलगी कुठे बसेल? त्या ८६ जणांत एकही मुलगी नव्हती. तिच्यापुढे कुणी शब्द टाकलेलाच नाही, म्हणून शोधणं भाग पडलंय. याला भाग्य म्हणायचं की गळचेपी, यावर आमच्या गाडीत कणकवलीपर्यंत भांडण झालं.

(दृश्य : ओसरी. पावसाची झड. एकटा बसलेला मुलगा. चेहरा दिसत नाही.)

या वयातली चिडचिड, दार आपटणं, दोन दिवस न बोलणं, यात घाबरण्यासारखं फारसं काही नसतं. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलीय, मित्रही नकोसे झालेत, मरणाचं बोलणं निघतंय, तर त्याला वय म्हणून सोडून देऊ नये. मरणाचं बोलणं निघालं तर दोन आठवडेही थांबू नये. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत. शासकीय रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ असतात. अडचण एकच. तालुक्याच्या दवाखान्याच्या बाकावर ओळखीचं कुणीतरी बसलेलं असतंच.

(दृश्य : गणपतीचा आदला दिवस. गाड्यांची रांग. बॅगा, माणसं, पाऊस.)

जूनमध्ये मुलगा मुंबईला गेला. दुपारी कॉलेज, सकाळी काकाच्या ओळखीच्या दुकानात काम. गणपतीला आला तेव्हा गालाची सूज उतरलेली होती. दाढ निम्मी वर आलीय, निम्मी हिरडीतच आहे. डॉक्टर म्हणाले, काढावी लागेल.

वाडीतली बारकी पोरं ओरडत मागे लागली, चाकरमानी आला, चाकरमानी आला. तो हसला. आठवडाभर तीच पोरं त्याच्याकडे पैसे मागत होती.

(दृश्य : स्वयंपाकघर. चूल. कपाटातून कपबशी काढणारे हात.)

पहिल्या सकाळी आईने चहा आणला, फुलांच्या नक्षीच्या कपबशीतून. पाहुण्यांच्या. त्याने ती बशी बघितली, काही बोलला नाही. उठून आत गेला, मांडणीवरचा चेपका पेला शोधला, चहा त्यात ओतला आणि चुलीपाशी जाऊन बसला.

आईने कपबशी विसळून पुन्हा कपाटात ठेवली.