शोकयात्रेची चाल

(दृश्य: बँडची खोली. साइड ड्रमच्या तारा सैल करणारी बोटे, शेजारी घडी घातलेले काळे कापड.)

साइड ड्रमच्या खालच्या कातड्यावर ताणून बसवलेल्या या बारीक तारांमुळेच वरातीत त्याचा आवाज कडकडीत उमटतो आणि चार गल्ल्या पलीकडे बँड आल्याची वर्दी जाते. आज त्या तारा सैल केल्या जात आहेत. तारा कातड्यापासून सुटल्या की टोल्यामागचा खणखणाट जातो आणि उरतो तो जाड, दबका ठोका. वरून काळे कापड गुंडाळले की तोही आणखी खाली बसतो. लंडन, वॉशिंग्टन अशा राजधान्यांत राष्ट्रीय नेत्याच्या अंत्ययात्रेपुढे चालणाऱ्या लष्करी बँडचे ड्रम याच रीतीने तयार केले जातात. येथे मात्र हे काम खानदेशात, तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी, पत्र्याच्या छताखाली चालले आहे. 30 जानेवारीला, हुतात्मा दिनी, गांधी पुतळ्यापासून नदीपर्यंत निघणाऱ्या अभिवादन फेरीत हा बँड संथ चालीत वाजवणार आहे.

खानदेशातील बँड म्हटला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कोणाही माणसाला लगनसराई आठवते आणि अहिराणी गाण्यांवर भर उन्हात रेंगाळणारी वरात आठवते. याच वादकांजवळ आणखी एक संग्रह असतो, जो सुपारी ठरवताना कोणी विचारत नाही. घरातले वयोवृद्ध माणूस भरल्या गोकुळातून गेले तर काही कुटुंबे अंत्ययात्रेला बँड सांगतात, आणि देशातला मोठा नेता गेला तर गावोगावी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर हार घातलेली तसबीर ठेवून शोकयात्रा निघते. अशा वेळी काय वाजवायचे, कोठे थांबायचे आणि मुख्य म्हणजे किती हळू चालायचे, हे ज्याला ठाऊक असते तो बँडमास्तर. त्याच्याविषयी कोठे काही लिहिलेले सापडत नाही, म्हणून हा लघुपट.

(दृश्य: बँडमास्तरांची वही. देवनागरी सरगम, समासात पेन्सिलीच्या खुणा.)

ही वही मास्तरांना त्यांच्या वडिलांकडून मिळाली. तिच्यात आधी रामधून आहे, मग अभंगांच्या चाली आहेत, आणि मध्येच दोन पानांवर नुसते 'डेड मार्च' असे शीर्षक देऊन लिहिलेली सरगम आहे. कोणा निवृत्त लष्करी वादकाकडून ऐकून ती उतरवून घेतली असे घरात सांगतात. या सरगमीत एकही कोमल स्वर नाही. शोकाची धून म्हटल्यावर आपला कान कोमल गंधार किंवा कोमल धैवत शोधू लागतो. येथे सगळे स्वर शुद्ध, थेट बिलावल थाटाचे आहेत. उतरवून घेणाऱ्याची ती चूक नव्हे, कारण मूळ रचनाच तशी आहे.

जॉर्ज फ्रेडरिक हँडेल या संगीतकाराने 'सॉल' नावाचे संगीतकाव्य रचले आणि त्याचा पहिला प्रयोग जानेवारी 1739 मध्ये लंडनमध्ये झाला. बायबलमधील राजा सॉल आणि त्याचा पुत्र जोनाथन युद्धात मारले जातात, तेथे गायन थांबते आणि केवळ वाद्यांवर एक संथ कूच वाजते; तीच ही 'डेड मार्च'. या प्रयोगासाठी हँडेलने लंडनच्या टॉवरमधील शस्त्रागारातून लष्कराचे मोठे नगारे मागवून घेतले होते. म्हणजे पुढे जी रचना लष्कराने रंगमंचावरून उचलली, तिच्यासाठी रंगमंचाने आधी लष्कराचीच वाद्ये उसनी घेतली होती. धुनेची एक ओळ संपते, मग नगाऱ्याचे ठोके एकटेच ऐकू येतात, आणि त्यानंतर पुढची ओळ सुरू होते. चालणाऱ्या तुकडीला या मोकळ्या जागेचा मोठा उपयोग होतो, कारण तेवढ्यात फुंकणारा श्वास भरून घेतो आणि पावले ठोक्यावर पुन्हा जुळतात. ब्रिटनमध्ये शासकीय अंत्ययात्रांशी ही रचना कायमची जोडली गेली. विन्स्टन चर्चिल यांच्या अंत्ययात्रेतही ती वाजली, आणि ती यात्रा 1965 साली निघाली तो दिवसही 30 जानेवारीच होता. गांधीजींना आयुष्यभर विरोध करणाऱ्या माणसाच्या वाट्याला हीच तारीख यावी, हा इतिहासाचा योगायोग येथे नोंदवल्यावाचून राहवत नाही.

वहीत नसलेली, पण मास्तरांच्या मोबाइलमध्ये असलेली दुसरी धून शोपँची. फ्रेडरिक शोपँच्या पियानोच्या दुसऱ्या सोनाटातील ही शोककूच मात्र कोमल स्वरांची आणि जड पावलांची आहे. 1849 मध्ये पॅरिसला खुद्द शोपँच्या दफनाच्या वेळी ती वाद्यवृंदावर वाजवली गेली. 1963 मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या अंत्ययात्रेत वॉशिंग्टनच्या रस्त्यांवर ती वाजली, आणि सोव्हिएत नेत्यांना तर बँडने याच धुनेवर निरोप देण्याची रीतच होती. राजकारणात समोरासमोर उभ्या असलेल्या दोन महासत्तांनी शोकासाठी मात्र एकच धून वापरली.

(दृश्य: जिल्हा पोलीस मुख्यालयाचे मैदान. पोलीस बँड, नंतर एकटा बिगूलवादक.)

पोलीस बँडच्या वादकांसमोर स्टाफ नोटेशनची, म्हणजे पाच रेषांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीची, पाने असतात आणि त्यांचा सराव घड्याळावर चालतो. आपल्याकडील कवायतीत तेज चाल मिनिटाला 120 पावलांच्या आसपास, तर संथ चाल सुमारे 70 पावलांची असते. 30 इंचांचे पाऊल धरले तर संथ चालीने तासाला जेमतेम सव्वातीन किलोमीटर अंतर कापले जाते. प्रेक्षकांना हा वेग सोपा वाटतो, पण तरुण शिपायाला सर्वाधिक घाम हाच फोडतो. एक पाय हवेत असताना दुसऱ्यावर तोल सांभाळायचा, खांदे हलू द्यायचे नाहीत, आणि वाद्य तोंडाला लावलेले असेल तर त्याच तोलात दीर्घ स्वरही टिकवायचा असतो. सप्टेंबर 2022 मध्ये राणी एलिझाबेथ यांची शवपेटी बकिंगहॅम राजवाड्यातून वेस्टमिन्स्टरला नेताना मिनिटाला 75 पावलांचा वेग ठरवला होता आणि तो अखेरपर्यंत ढोलानेच धरून ठेवला.

बिगुलाला कळा नसतात. ओठांचा ताण आणि श्वास यांवर जे पाच-सहा स्वर निघतात, तेवढ्यांतच 'लास्ट पोस्ट' बसवलेली आहे. छावणीत पहारे तपासून झाले, दिवस संपला, असे सांगणारी ही मूळची रात्रीची सूचना आहे. शासकीय इतमामात होणाऱ्या अंत्यसंस्कारात शस्त्रे उलटी धरून 'शोक शस्त्र' होते, बंदुकीच्या फैरी झडतात आणि बिगूल ही धून वाजवतो; त्यानंतर सकाळी उठवण्याची धून वाजते. येथे कॅमेऱ्यासमोर वाजवणाऱ्या जवानाने हे स्वर गावोगावच्या स्मशानभूमींत, सीमेवर धारातीर्थी पडलेल्या खानदेशच्या जवानांसाठीही वाजवले आहेत. दूरचित्रवाणीवर अशा प्रसंगांचे थेट प्रक्षेपण होते तेव्हा समालोचक नेमके याच क्षणी बोलत राहतात. त्यांनी दीड मिनिट गप्प बसायला हरकत नसावी.

(दृश्य: फैजपूरकडे जाणारा रस्ता, दुतर्फा केळीच्या बागा.)

डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन याच पट्ट्यात, फैजपूरला झाले. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते, गांधीजी उपस्थित होते, आणि बांबूचे मंडप व प्रवेशद्वारे चित्रकार नंदलाल बोस यांच्या कल्पनेतून उभी राहिली होती. त्या दिवसांत वाजतगाजत स्वागत केलेल्या गांधीजी आणि नेहरू या दोघांच्या शेवटच्या यात्रा पुढे खानदेशाने रेडिओवर ऐकल्या.

31 जानेवारी 1948 रोजी गांधीजींची अंत्ययात्रा दिल्लीच्या बिर्ला भवनातून निघाली आणि सुमारे पाच तासांनी राजघाटाला पोहोचली. अंतर साधारण 8 किलोमीटर होते. म्हणजे लष्कराची संथ चालही जिच्यापुढे वेगवान वाटावी, अशी ती गती होती. ती कोणा बँडने नव्हे, गर्दीने ठरवली होती. पार्थिव लष्करी वाहनावर ठेवले होते, पण इंजिन बंद होते आणि तिन्ही दलांचे सुमारे 200 जवान दोरांनी ते वाहन ओढत होते. अहिंसेच्या उपासकाला लष्करी इतमाम का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. मात्र त्या यात्रेचा कानांत राहिलेला आवाज लष्कराचा नाही, तो जयघोषाचा आणि रामधुनेचा आहे. आकाशवाणीवर मेलव्हिल डिमेलो यांनी तब्बल सात तास त्या यात्रेचे धावते वर्णन केले. त्या काळी रेडिओ मोजक्याच घरांत होता, आणि त्या घरांपुढच्या ओट्यावर गाव गोळा झाले.

रामधुनेची आज सर्वश्रुत असलेली चाल पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या नावाने ओळखली जाते. 1930 च्या दांडी यात्रेत ती चालता चालता गायली गेली होती, आणि तिच्या बांधणीत ते चालणे दिसते. आठ मात्रांचा ठेका आहे. पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पाऊल टाकले की ती संथ चालीत चपखल बसते, आणि लय दुप्पट केली की तीच धून प्रभातफेरीला चालते. बँडमास्तरांच्या मते डेड मार्च शिकवायला महिना लागतो, रामधून शिकवावीच लागत नाही.

गांधीजींचे आवडते ख्रिस्ती प्रार्थनागीत 'अबाइड विथ मी' प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमांचा समारोप करणाऱ्या दिल्लीच्या बीटिंग रिट्रीट या लष्करी बँडच्या सोहळ्यात वर्षानुवर्षे वाजत असे. 2022 मध्ये ते कार्यक्रमातून वगळले गेले आणि त्या जागी 'ऐ मेरे वतन के लोगो' आले. या बँडच्या वहीत दोन्ही आहेत आणि या फेरीतही दोन्ही वाजणार आहेत.

28 मे 1964 रोजी नेहरूंची अंत्ययात्रा तोफगाड्यावरून निघाली. राष्ट्रीय दुखवट्याच्या अशा दिवसांत आकाशवाणीचे नेहमीचे कार्यक्रम बंद होत आणि तासन्‌तास सारंगी वाजत राही. त्याचा परिणाम असा झाला की सारंगीचा सूर निघताच घरातली म्हातारी माणसे कोण गेले म्हणून विचारू लागली, आणि एका थोर वाद्यावर नाहक शोकाचा शिक्का बसला.

(दृश्य: 30 जानेवारी, सकाळ. गांधी पुतळा. बँडची रांग.)

मधल्या मोठ्या ढोलावर काळे कापड आहे, पण त्याची एक बाजू मोकळी ठेवली आहे. दर ओळीचा पहिला ठोका मोकळ्या बाजूवर आणि बाकीचे दबक्या बाजूवर द्यायचे, ही युक्ती मास्तरांची स्वतःची आहे. त्यामुळे मागे चालणाऱ्या शंभर-दीडशे लोकांना, ज्यांनी कधी कवायत केलेली नाही, ओळीची सुरुवात बरोबर कळते. पुढे दोन कॉर्नेट, त्यांच्यामागे क्लॅरिनेट, मग युफोनियम, आणि सर्वांत मागे झांजा आहेत. वरातीत न थांबणारी झांज आज ओळीच्या शेवटी एकदाच, कडा घासून वाजते. खुळखुळा आणि बेंजो घरी ठेवले आहेत.

अकरा वाजता भोंगा होतो आणि सगळे थांबतात. दोन मिनिटांनी दुसरा भोंगा झाला की पहिला ठोका पडतो. बाजारपेठेपर्यंत डेड मार्च चालतो. चौकात वळण अरुंद आहे, म्हणून बाहेरच्या बाजूच्या वादकांना पावले लांब आणि आतल्यांना आखूड टाकावी लागतात, तीही लय न मोडता. या वळणाचा सराव त्यांनी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मोकळ्या आवारात केला होता. चौक ओलांडला की कॉर्नेट थांबतात, क्लॅरिनेटवर रामधून सुरू होते आणि तोवर नुसती चालणारी माणसे गाऊ लागतात. भजनी मंडळाचे टाळ त्यात मिसळतात. ते बँडच्या सुरात नसतात आणि त्याची कोणाला गरजही वाटत नाही. नदीकडच्या उतारावर मास्तर हात वर करून लय आणखी खाली आणतात, कारण उतारावर पाऊल आपोआप घाईला येते.

(दृश्य: उतारावरील संपूर्ण फेरी. येथे निवेदन नाही.)

डीजेमुळे तालुक्यातले अनेक बँड बंद पडले, उरलेल्यांतले वादक कापसाच्या आणि केळीच्या शेतांत मजुरीला जातात, आणि ज्यांच्या तालावर गाव नाचते त्या समाजांना पंगतीत कोठे बसवले जाई हे सांगायला कोणी कॅमेऱ्यासमोर तयार झाले नाही.

(दृश्य: फेरीनंतर, टेम्पोत ठेवली जाणारी वाद्ये.)

या फेरीची सुपारी घेतली जात नाही. नगरपालिकेकडून चहा-नाश्ता मिळतो आणि टेम्पोचे भाडे बँडमास्तर देतात. ड्रमवरचे काळे कापड सोडून घडी केले जाते आणि तारा पुन्हा आवळल्या जातात, कारण संध्याकाळी यावल रस्त्यावर हळदीची सुपारी आहे आणि नवरदेवाकडच्या मंडळींनी पाचचीच वेळ दिली आहे.