हात मागे, मान पुढे

(दृश्य: टेबलापाशी बसलेले एक गृहस्थ, बाजूने. चौकटीत फक्त मान आणि स्क्रीन.)

डोळ्यांकडे नंतर वळू. आधी ही मान पाहा. हनुवटी वर, मान बगळ्यासारखी पुढे. नाकावर चष्मा आहे, तरी हे गृहस्थ त्याच्या अगदी खालच्या काठातून समोरची ओळ शोधताहेत. सापडली, की हनुवटी आणखी अर्धा इंच वर. संध्याकाळी मान दुखते, तेव्हा दोष उशीला दिला जातो.

मराठीत 'चाळिशी' या एकाच शब्दात वयही मावतं आणि चष्माही. तिची पहिली खूण हातांत दिसते. वर्तमानपत्र, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, सगळं हळूहळू डोळ्यांपासून लांब जातं आणि एक दिवस हातच पुरत नाही. स्क्रीनच्या बाबतीत उलटं घडतं. तो टेबलावर ठाण मांडून बसलेला, म्हणून आपणच त्याच्याकडे सरकतो.

(दृश्य: डोळ्याच्या आतल्या भिंगाचं रेखाचित्र. जवळचं पाहताना भिंग फुगतं, दूरचं पाहताना पुन्हा चपटं होतं.)

दहा वर्षांच्या मुलाचं भिंग इतकं लवचीक असतं, की डोळ्यापासून ७-८ सेंटीमीटरवर धरलेलं अक्षरही त्याला स्वच्छ दिसतं. पण या भिंगात आयुष्यभर नवे थर साठत राहतात आणि ते कडक होत जातं. साठीच्या सुमारास भिंगाभोवतीचा स्नायू नेटाने काम करतच असतो, भिंग मात्र त्याला दाद देत नाही. हा आजार नव्हे. आणि डोळ्यांच्या व्यायामाने हे भिंग पुन्हा मऊ होईल, असं कुणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्यावं.

दुसरा बदल उजेडाचा. वयाबरोबर बाहुली आकसते, भिंग पिवळसर होतं. विशीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत जितका प्रकाश पोचायचा, त्याचा साठीत साधारण तिसरा हिस्साच पोचतो. शिवाय भिंगात प्रकाश विखुरतो. त्यामुळे पाठीमागच्या खिडकीचं स्क्रीनवर पडलेलं प्रतिबिंब तरुण डोळ्याला नुसतं दिसतं, तर साठीतल्या डोळ्याला ते अख्खा मजकूर धुऊन टाकल्यासारखं वाटतं.

(दृश्य: पांढऱ्या पार्श्वभूमीवर फिकट करडी अक्षरं.)

ही फिकट करडी अक्षरं ज्याने निवडली, तो बहुधा पंचविशीतला असावा. त्याच्या डोळ्यांना ती देखणी वाटतात, आणि त्या वयात ती असतातही. पण वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने डिसेंबर २००८मध्येच सांगून ठेवलं आहे, की साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा यांत निदान साडेचारास एक इतकं प्रमाण हवं. साडेचार हा आकडा हवेतून आलेला नाही. तो ठरवताना ऐंशीच्या आसपासच्या माणसाची नजर डोळ्यांसमोर होती.

(दृश्य: टेप. डोळ्यापासून पुस्तकापर्यंत, मग डोळ्यापासून स्क्रीनपर्यंत.)

आता चष्म्याकडे. खरी मेख इथे आहे.

पुस्तक आपण धरतो खाली, मांडीच्या दिशेने, साधारण ४० सेंटीमीटरवर. बायफोकलमध्ये वाचायचा नंबर खालच्या भागात असतो, तो याचसाठी. १९५९मध्ये बाजारात आलेल्या प्रोग्रेसिव्ह काचेत नंबर वरून खाली हळूहळू बदलत जातो. बायफोकलची मधली रेघ तिच्यात गेली, पण वाचायची जागा खालीच राहिली. स्क्रीन मात्र समोर उभा असतो, ५० ते ७० सेंटीमीटरवर. म्हणजे अंतर वेगळं आणि दिशाही वेगळी. ती हनुवटी उगाच वर जात नव्हती.

हिशेब सोपा आहे. दूरचं विनाचष्मा स्वच्छ दिसणारा साठीचा माणूस घ्या. त्याला ४० सेंटीमीटरवरच्या पुस्तकासाठी अडीच नंबर लागतो. ६० सेंटीमीटरवरच्या स्क्रीनसाठी लागतो पावणेदोनच्या जवळपास. अडीचची काच लावून तो स्क्रीनसमोर बसला, की अक्षरं धूसर होतात, आणि ती स्पष्ट करण्यासाठी मान पुढे जाते. इलाज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आहे, पण तिथे जाताना एक आकडा खिशात असू द्या. घरी नेहमीसारखं बसा आणि डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाकडून टेपने मोजून घ्या. 'मी कॉम्प्युटरवर काम करतो' एवढंच सांगण्यापेक्षा 'माझा स्क्रीन ६२ सेंटीमीटरवर असतो' हे वाक्य कितीतरी उपयोगाचं. फक्त स्क्रीनच्या अंतराचा वेगळा चष्मा मिळतो. प्रोग्रेसिव्हच वापरायचा असेल, तर स्क्रीन खाली घ्या. त्याखाली ठेवलेली पुस्तकांची चवड काढून टाकली तरी पुष्कळदा भागतं. नजर खाली राहिली, की पापणीही थोडी खाली येते, डोळा कमी उघडा राहतो आणि कमी सुकतो. स्क्रीनकडे टक लावून पाहताना आपण पापण्या मिटायचंच विसरतो. संध्याकाळची डोळ्यांतली खरखर बरीचशी तिथूनच येते.

(दृश्य: स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत घ, ध. मग भ, म. मग थ, य.)

मराठी वाचणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. आपल्या अक्षरांचा बराच अर्थ बारीकसारीक खुणांमध्ये दडलेला असतो. घ आणि ध यांच्यातला फरक म्हणजे शिरोरेषेतली एक फट. भ आणि म यांचंही तेच, थ आणि य यांचंही. वर अनुस्वार, रफार, मात्रा. खाली उकार, जोडाक्षराचा पाय. इंग्रजीला पुरणारा आकार मराठीला तोकडा पडतो, आणि आपण तो तसाच ठेवून दोष डोळ्यांना देतो. तेव्हा मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा एक-दोन पायऱ्या मोठाच ठेवावा. ओळींमध्येही जागा हवी, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात. फॉन्टही पाहावा. विंडोज २००० पासून सोबत आलेल्या 'मंगल'च्या रेषा लहान आकारात फार बारीक वाटतात. विंडोज ८ बरोबर आलेला 'निर्मला' किंवा मोफत मिळणारे 'मुक्ता' आणि 'नोटो सान्स देवनागरी' लावून पाहा, जरा ठळक वजनात.

(दृश्य: सेटिंग्जची खिडकी. गृहस्थांचा हात माउसवर.)

इथे बरेच जण एक चूक करतात. अक्षरं मोठी हवीत म्हणून रिझोल्युशन कमी करतात. अक्षरं मोठी होतात खरी, पण विरघळल्यासारखी. कारण स्क्रीनचे ठिपके ठरलेले असतात, समजा आडवे १९२० आणि उभे १०८०. त्यावर १२८० गुणिले ७२०चं चित्र ताणलं, की एका ठिपक्याच्या वाट्याला दीड ठिपका येतो. अर्धा ठिपका कसा पेटणार? मग कडा पुसट होतात, आणि माणसाला वाटतं, नंबर वाढला.

रिझोल्युशनला हात न लावता 'स्केल' वाढवायचं. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये १२५ किंवा १५० टक्के. मॅकमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्येच 'लार्जर टेक्स्ट'. ठिपके तितकेच राहतात, अक्षराला जास्त ठिपके मिळतात, म्हणून ते मोठंही होतं आणि रेखीवही. फक्त अक्षरंच मोठी हवी असतील, तर विंडोज ११मध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या सदरात 'टेक्स्ट साइझ' आहे, २२५ टक्क्यांपर्यंत. माउसचा बाणही तिथूनच मोठा करता येतो. तो हरवतो, हे लोक कबूल करत नाहीत, पण दिवसातून दहा वेळा शोधतात. ब्राउझरमध्ये तर याहून सोपं: कंट्रोल (मॅकवर कमांड) आणि अधिकचं चिन्ह.

उजेडासाठी एक कोरा पांढरा कागद पुरे. तो स्क्रीनशेजारी धरा. स्क्रीन दिव्यासारखा झगमगत असेल तर उजळपणा कमी करा, कागदापेक्षा मळकट दिसत असेल तर वाढवा. खिडकी पाठीमागे नको, समोरही नको, बाजूला बरी.

काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं? बहुतेकांना पांढऱ्यावर काळीच जास्त स्पष्ट दिसतात. उजळ पार्श्वभूमीमुळे बाहुली लहान राहते आणि अक्षरांच्या कडा नेमक्या पडतात. मोतीबिंदू असेल, तर मात्र पांढरा झोत विखुरतो आणि काळी पार्श्वभूमी सुसह्य वाटते. दोन्ही करून पाहावं. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घालवण्याआधी हे ऐका: २०२३मध्ये वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा त्या चष्म्याने डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं दिसलं नाही.

(दृश्य: चौकटींचा तक्ता. मधल्या रेषा हळूहळू वाकड्या होतात.)

एक गोष्ट मात्र सेटिंगने सुटत नाही. एक्सेलच्या सरळ रेषा एका डोळ्याला मध्येच वाकलेल्या दिसल्या, तर तो स्क्रीनचा दोष नव्हे. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी १९४०च्या दशकात अशाच चौकटींचा तक्ता वापरात आणला, तो डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी काही बिघडलंय का, हे पाहायला. एकेक डोळा झाकून पाहा, आणि रेषा वाकड्या दिसल्या तर लगेच डॉक्टर गाठा.

(दृश्य: पुन्हा तेच गृहस्थ, बाजूने. पाठ खुर्चीला टेकलेली.)

स्केल १५०. ब्राउझरमध्ये अक्षरं आणखी थोडी मोठी. स्क्रीन चार बोटं खाली. चष्मा ६० सेंटीमीटरचा. 'एवढी मोठी अक्षरं? मी काय म्हातारा झालो?' असं ते आधी म्हणाले होते. आता हनुवटी जागेवर आहे.

फक्त एक गैरसोय झाली. मागून येणाऱ्या-जाणाऱ्यालाही आता त्यांचे ईमेल वाचता येतात. कुणी आलं, की ते कंट्रोल आणि शून्य दाबतात. ब्राउझरमध्ये वाढवलेली अक्षरं पुन्हा लहान होतात.

(दृश्य: पावलांचा आवाज. बोट शून्यावर.)