दाराआडचा आवाज

[दृश्य : नाना पेठ, पुणे. दुकानांची शटरं वर जातात. हॅचबॅक गाडी दुकानासमोर उभी.]

पुण्याची नाना पेठ. गाड्यांच्या सुट्या भागांचा जुना बाजार. इथल्या एका दुकानात आज ही गाडी आली आहे. गाडीच्या मालकीणबाई गाणं शिकवतात. त्यांची तक्रार एकच आहे : गाडीत तानपुरा लावला, तर तो तानपुरा वाटत नाही.

[दृश्य : जवळून. चपटी पट्टी दाराच्या पॅडखाली सरकते. क्लिपा सुटतात.]

प्लास्टिकची पट्टी दाराच्या आतल्या पॅडच्या कडेखाली गेली. एक क्लिप सुटली. मग दुसरी. इथे स्क्रूड्रायव्हर वापरत नाहीत, पॅडवर वळ उठला की तो जात नाही. काचेच्या बटणांचा कपलर सोडवला आणि पॅड हातात आलं.

हा कंपनीचा स्पीकर. साडेसहा इंची, कागदी कोन, मागे छोटंसं लोहचुंबक, भोवती प्लास्टिकची फ्रेम. आणि त्याच्या आजूबाजूला बघा. दाराच्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं, त्यांवर चिकटवलेला पातळ प्लास्टिकचा कागद. बाहेरच्या पत्र्यावर टिचकी मारली की डबा वाजतो.

स्पीकरचा कोन पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. ही मागची लहर या भोकांतून पुढे आली, की पुढच्या लहरीला मारते. सगळ्यांत जास्त मार बसतो खर्जाला. म्हणजे स्पीकर वाजवतोय, आणि दार ते खाऊन टाकतंय. इतक्या गाड्यांमध्ये हेच घडत असताना लोक पहिला खर्च करतात तो डिकीतल्या वूफरवर, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरवर. तो पैसा आधी दारावर लागायला हवा.

[दृश्य : सकाळचं चित्रण. बाई चालकाच्या जागी, डोळे मिटलेले.]

पॅडला हात लावण्याआधी गाडी ऐकून झाली होती. इंजिन बंद. काचा वर. बास आणि ट्रेबल शून्यावर, सराउंडसारखी सगळी करामत बंद. आधी नुसता तानपुरा. मग एकटा गळा, काळी एक पट्टीतला. मग तबला.

तानपुऱ्यात जवारी ऐकायची. तार छेडल्यावर तिच्यातून वरचे स्वर उमलत जातात, ते सुटे सुटे ऐकू यायला हवेत. इथे खर्जाची तार फुगली होती आणि जोडाच्या तारा पातळ झाल्या होत्या. गळ्यात 'स' आणि 'श' ऐकायचे, ते कानाला टोचले तर ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, ओरडतोय. आणि डग्गा. तबलजींनी पंजा दाबून घुमारा थांबवला, तरी या गाडीत तो चालूच राहत होता. तो घुमारा डग्ग्याचा नव्हता, दाराच्या पत्र्याचा होता.

शेवटी कारागीर म्हणाले, "ताई, डोळे मिटूनच राहा. गाणारा कुठे बसलाय, तिकडे बोट करा."

[दृश्य : बाईंचं बोट उजव्या गुडघ्याशी, दाराकडे.]

डोळे मिटायला सांगण्यामागे शास्त्र आहे. ध्वनितज्ज्ञ शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीत एक प्रयोग मांडला. तेच स्पीकर, तेच ऐकणारे. एकदा स्पीकर पडद्याआड, एकदा डोळ्यांसमोर. स्पीकर दिसायला लागले आणि लोकांचे गुण बदलले. देखणा, मोठा, महागडा स्पीकर दिसला की तो चांगला ऐकू येतो. त्याच हार्मनचा कारखाना आज चाकणला आहे, या दुकानापासून तासा-दीड तासावर.

दुसरी फसगत जोराची. दोन सिस्टीम शेजारी शेजारी वाजवल्या, तर किंचित मोठी वाजणारी जवळजवळ प्रत्येकाला उजवी वाटते. आवाजाची पातळी सारखी न करता ग्राहकाला 'आधी' आणि 'नंतर' ऐकवणं म्हणजे त्याची फसवणूक आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. रेडिओ, १९३० च्या दशकातल्या मोटारी.]

मोटारीत रेडिओ बसवण्याचा इतिहास जुना आहे. १९३० मध्ये मोटोरोला कंपनीचे संस्थापक पॉल गॅल्विन यांनी आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीला, रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनाबाहेर गाडी उभी करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो ऐकवला. पुढे पन्नास वर्षं रेडिओ सुधारत गेला, पण गाडी ही स्वतःच एक ऐकण्याची खोली आहे, हा विचार उशिरा आला. स्पीकर बनवणारी बोस आणि मोटारी बनवणारी जनरल मोटर्स यांनी मिळून तो केला. १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या मॉडेलमध्ये त्या त्या गाडीच्या आतल्या भागासाठी जुळवलेली सिस्टीम कारखान्यातूनच बसून आली. काच, सीटचं कापड, बसणाऱ्याचं डोकं कुठे येतं, हे सगळं हिशेबात धरून. आज महागड्या गाड्यांना हे मिळतं. परवडणाऱ्या गाडीला मिळतो तो हा कागद आणि ही भोकं.

[दृश्य : दाराचा पत्रा पुसला जातो. डॅम्पिंग शीटचे तुकडे. रोलर.]

आता काम. कागद सोलला. त्याचा काळा डिंक खरवडून काढला. पत्रा स्पिरिटने पुसला, बोटांचे ठसेसुद्धा राहता कामा नयेत. मग पत्र्याची थरथर शोषणारी डॅम्पिंग शीट : ब्यूटाइल रबर, वर अॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा, जाडी दोन मिलिमीटर. आतल्या भोकातून हात घालून ही शीट आधी बाहेरच्या पत्र्याला लावायची. हात दिसत नाही, नुसता रोलरचा आवाज येतो. अॅल्युमिनियमवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर फिरतो. खाली हवेचा फुगा राहिला, तर तिथे शीट धरत नाही.

[दृश्य : दाराच्या तळाशी बोट.]

इथे थांबून बघा. दाराच्या तळाला ही बारीक छिद्रं आहेत. पावसाळ्यात काचेवरून उतरलेलं पाणी दारात जातं आणि इथून निघून जातं. घाईत लावलेली शीट हीच छिद्रं बुजवते, आणि दार आतून गंजतं. ती मोकळी ठेवली. मग आतल्या पत्र्याची भोकं बंद केली, काचेची यंत्रणा मोकळी फिरेल हे बघून. दार आता बंद पेटीच्या बरंच जवळ आलं. टिचकी मारली. ऐका.

[दृश्य : आवाज तसाच ठेवणे. निवेदन नाही.]

स्पीकर तोच परत बसला, फक्त खाली फोमची कड आली. बसवण्याआधी पेन्सिल सेल घेतला आणि क्षणभर तारांना टेकवला. कोन बाहेर उडी मारतो. डाव्या दाराचाही बाहेरच यायला हवा. एक बाहेर आणि एक आत गेला, तर दोघे एकमेकांचा खर्ज कापतात, आणि माणूस महिनोन्महिने बासचं बटण वाढवत बसतो.

[दृश्य : मोजपट्टी. चालकाच्या कानापासून दोन्ही दारांपर्यंत.]

उजवा स्पीकर ८५ सेंटीमीटरवर, डावा १३० वर. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. म्हणजे उजवा आवाज सव्वा मिलिसेकंदाहून थोडा आधी पोचतो, आणि गाणारा गुडघ्याशी येऊन बसतो. छोटा डीएसपी अॅम्प, म्हणजे प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगवेगळा जुळवू देणारा अॅम्प्लिफायर, सीटखाली बसवला आणि उजव्या बाजूला तेवढाच उशीर दिला. अॅम्प घेण्याला आणखी एक कारण होतं. स्टिरिओवर 'चार गुणिले पन्नास वॉट' छापलेलं असतं, पण चौदा व्होल्ट आणि चार ओहमच्या स्पीकरमधून स्वच्छ निघतात वीसच्या आसपास. त्यापुढे आवाज फाटतो.

मग डोक्याच्या जागी माइक, पिंक नॉइज म्हणजे चाचणीसाठीचा एकसारखा 'शू' आवाज, आणि पडद्यावर त्याचे चढउतार. अडीच मीटरच्या केबिनमध्ये ७० हर्ट्झच्या खालचा खर्ज गाडी आपणहून उचलते, म्हणून तिथे काही वाढवलं नाही. वरच्या सप्तकातला टोचणारा उंचवटा तेवढा कापला. इक्वलायझरमध्ये, म्हणजे खालचे-वरचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या सोयीत, वाढवण्यापेक्षा कापलेलं बरं, हे इथल्या कारागिरांचं मत आम्हाला पटलं.

[दृश्य : बाईंचं बोट डॅशबोर्डच्या वर, समोर.]

एकही तार कापली नाही, सगळं कपलरवर जोडलं. वॉरंटीचं काय होतं ते मात्र शोरूमला आधी विचारून घ्यावं. आणि स्वच्छ आवाज मोठा करण्याचा मोह होतोच. ८५ डेसिबलला आठ तास ही कानांची मर्यादा मानतात, रुग्णवाहिकेचा भोंगाही ऐकू यायला हवा.

मागच्या दारांचं काम बाईंनी सध्या नको म्हटलं. पुढे बसून ऐकणाऱ्याला त्यांची फारशी गरजही नसते. फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पीकरांचा तोल, थोडा पुढे सरकवला आणि गाडी दिली.